गॅलरीतला पिवळा ठिपका

चिंचबन तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर धम्मपाल कांबळे याच्या नजरेवर अख्ख्या पेठेचा भरवसा होता. पोरगं डोळ्यांत तेल घालून गोल राखतं, असं ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही तेही सांगायचे. सत्त्याण्णव सालच्या एका रविवारी हा भरवसा मातीला मिळाला, आणि तोही मैदानावर नाही, एसटी स्टँडवर.

धम्माची धाकटी बहीण अक्षता हिला बघायला गारगोटीहून पाहुणे यायचे होते. त्यांना स्टँडवरून घेऊन यायचं काम धम्माकडे. ही मंडळी त्यानं एका लग्नात लांबून पाहिली होती: टोपीवाला म्हातारा, हिरव्या लुगड्यातली बाई आणि उंच, सडपातळ मुलगा. गारगोटीची गाडी लागली. टोपी उतरली, हिरवं लुगडं उतरलं, मागून उंच काहीतरी उतरलं. धम्मा हसला. तेही हसले.

"जय भीम, पावणं. गारगोटीचं न्हवं?"

"जय भीम. व्हय की. मुलीकडनं आलासा?"

"मुलीचा भाऊ मी. चला, रिक्षा थांबवलीया."

नाव विचारायचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे घरी येणाऱ्या पाहुण्याला तोंडावर नाव विचारायचं म्हणजे तुम्ही कोण ते आम्ही विसरलो असं कबूल करायचं. त्यापेक्षा माणूस जीभ चावून गप्प बसतो. पाहुणेही तसेच गप्प बसले.

घरी धम्माच्या आईनं, यल्लव्वानं, पहाटेपासून चूल पेटवली होती. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण. पाहुण्यांनी हात आखडता घेतला नाही. अक्षता चहा घेऊन आली, तिला शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला, उंच मुलानं एकदा वर बघून दोनदा खाली बघितलं. म्हाताऱ्यानं मिशीवरचा रस्सा पुसून 'पोरगी पसंत हाय' असं सांगूनही टाकलं. मग पान लावता लावता तो धम्माच्या वडिलांना, बाळासोंना, म्हणाला, "तुमचं थोरलं भाऊ दिसंनात? ते मास्तर."

"मला भाऊच न्हाई," बाळासो म्हणाले.

तेवढ्यात दारात एक टोपीवाला म्हातारा, एक हिरव्या लुगड्यातली बाई आणि एक उंच मुलगा असे घामाघूम होऊन उभे राहिले. "कांबळ्यांचं घर हेच का वो? तासभर स्टँडवर हुबं हाय आमी. कोण आलंच न्हाई."

घरात आलेले पाहुणे राजारामपुरीतल्या दुसऱ्या कांबळ्यांची मुलगी बघायला निघाले होते. पातेल्यात आता नुसती नळी शिल्लक होती. पुढं काय झालं ते सांगण्यात हशील नाही. खरे पाहुणे चहाही न घेता गेले, खोटे पाहुणे माफी मागत मागत आणि बडीशेप खात खात गेले, आणि अक्षता आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत सुटली. "चुकीचंच बरं हुतं," एवढंच ती आईला म्हणाली.

बाळासो मात्र हसले नाहीत. बाळासो तसे हसायचेच नाहीत. उद्यमनगरात एका फाउंड्रीत ते साचे करायचे. साच्याला केसाएवढी भेग असली तरी त्यांना ती दिसायची, मग पोराच्या वागण्यातल्या भेगा दिसल्याशिवाय कशा राहतील? त्यांच्या मते खेळ एकच, कुस्ती. पाठ लागली की लागली, विषय संपला. फुटबॉलात दुपारभर पळून शेवटी शून्य-शून्य, याला खेळ म्हणायचं की रोजगार बुडवणं, हे त्यांना कळत नव्हतं. धम्मा चिंचबनकडून खेळायला लागल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, त्याची मॅच असली की बाळासो मुद्दाम टॉवेल खांद्यावर टाकून शेजारच्या ज्ञानूकडे पत्ते खेळायला जायचे. एकदाही ते मैदानाकडे फिरकले नव्हते. धम्मानं विचारणं सोडून दिलं होतं, पण मनातून ते त्याला डाचायचं. पेठेतली पोरंसोरं, भाजीवाल्या बायका, सगळी यायची. आपला बाप तेवढा येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी संपवून बाळासो पोराला घेऊन लक्ष्मीपुरीत गेले. तिथं अनेकांत मगदूमचं चष्म्याचं दुकान होतं. अनेकांत शिरोळकडचा, जैन शेतकऱ्याचा मुलगा. घरचा ऊस सोडून डोळ्यांचं शिकून आलेला हा त्यांच्या घराण्यातला पहिलाच. गप्पिष्ट इतका, की गिऱ्हाईक डोळे तपासून घेता घेता म्हातारं व्हावं. त्यानं धम्माला खुर्चीत बसवलं आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. वरचं मोठं अक्षर धम्मानं ऐटीत वाचलं.

"आता खालचं."

"खाली काय न्हाई की."

"खाली सात वळी हायत, भावा."

धम्मानं मान पुढं काढली, डोळे बारीक केले. खाली त्याला पाटी पांढरीशुभ्र दिसत होती. त्यानं बापाकडे बघितलं. बाळासोंच्या चेहऱ्यावरचा राग कुठं तरी गेला होता आणि त्या जागी काय आलं होतं, ते धम्माला कळेना.

"लांबची माणसं वळखत न्हवती तुला?" बाळासोंनी विचारलं.

"चालण्यावरनं वळखतो की, आबा."

"आन् गॅलरीतली? मैदानावरनं वर बघतोस तवा?"

"गॅलरी म्हंजे नुस्ता रंग. त्यात काय दिसायचंय?"

बाळासो बराच वेळ काचेच्या कपाटातल्या फ्रेमी बघत राहिले. मग अनेकांतला बाजूला घेऊन, धम्माला ऐकू जाणार नाही अशा समजुतीनं, म्हणाले, "चष्मा घातल्यावर लांबनं येणारी वस्तू दिसंल न्हवं? येगानं येणारी?"

"कसली वस्तू, काका?"

"कसली पण. ट्रक."

खरं सांगायचं तर धम्मा आंधळा होता असं नाही. त्यानं लहानपणापासून जग जसं पाहिलं तसंच ते असतं, असं तो धरून चालला होता. त्याच्या लेखी झाड म्हणजे हिरवा ढीग, माणूस म्हणजे चालणारा डाग. पण या डागांचा त्यानं जो अभ्यास केला होता, त्याला तोड नव्हती. कुठला डाग मारायच्या आधी डावीकडे कलतो, कुठला अंग चोरतो, बूट चेंडूला कसा लागल्यावर कसला आवाज येतो, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. समोरचे खेळाडू डोळ्यांनी चकवायचे: बघायचं उजवीकडे, मारायचं डावीकडे. धम्मा कधीच चकला नाही, कारण त्यांचे डोळे त्याला दिसतच नव्हते.

आणि त्या सगळ्या रंगात त्याचा एक लाडका ठिपका होता. गॅलरीत सगळ्यात वरच्या पायरीवर, दिव्याच्या खांबाजवळ, दर मॅचला एक पिवळा ठिपका असायचा. कुठल्या तरी मंडळाचा झेंडा असावा असं त्याचं मत. धम्मानं गोल वाचवला की तो ठिपका उडायचा, गरगरायचा. वारं असेल. पण धम्मानं त्याला आपला शकुन करून टाकला होता. मॅच सुरू होण्याआधी गोलच्या आडव्या खांबाला हात लावायचा आणि मग पिवळ्या ठिपक्याकडे बघून हात वर करायचा. चार वर्षांत एकदाही हा नेम चुकला नव्हता.

चष्मा आला तो नेमका फायनल तोंडावर आली असताना. समोर दगडी चौकाचा संघ, म्हणजे चिंचबनचा जन्माचा वैरी. धम्मानं चष्मा चढवला आणि दुकानाबाहेर पाऊल टाकलं, ते गुडघाभर पाण्यात टाकावं तसं. फरशी उजवीकडे उतरली होती. पायरी पोटापर्यंत वर आली होती. समोरच्या पिंपळाला पानं होती. म्हणजे पानं असतात हे त्याला माहीत होतं, पण ती अशी एकेक, सुटी सुटी, प्रत्येकाला टोक असलेली, आणि सगळी एकाच वेळी हालणारी असतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तारेवर कावळे होते आणि कावळ्यांना चोची होत्या. समोरून म्हैस आली तर तिच्या पाठीवरचा केस न् केस त्याच्या अंगावर आला. धम्मा रस्त्याच्या मधोमध उभा राहून खुळ्यासारखा हसायला लागला. एका रिक्षावाल्यानं त्याच्या आईबापाचा उद्धार केला, तर धम्मा त्यालाच म्हणाला, "मामा, तुमच्या दाताला सोनं हाय की."

घरी येईपर्यंत डोकं गरगरायला लागलं. सगळ्या वस्तूंना कडा आल्या होत्या आणि त्या कडा डोळ्यांत टोचत होत्या. अक्षताच्या नाकावरचा तीळ, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोतल्या कोटाची बटणं, दोरीवर वाळत टाकलेल्या कपड्यांचे धागे, सगळं एकदम अंगावर धावून येत होतं. यल्लव्वानं पोराला बसायला पाट दिला, तर तो पाटाच्या शेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी सरावाला तर हसं झालं. चेंडू लांबून येताना स्पष्ट दिसायचा, शिवणीसकट दिसायचा, आणि धम्मा त्या शिवणी बघत राहायचा. चेंडू जाळ्यात. पोरं डोळ्यांनी उजवीकडे खूण करायची, धम्मा भक्तिभावानं उजवीकडे झेप घ्यायचा, चेंडू डावीकडून जाळ्यात. मैदान एका बाजूला कललेलं, त्यामुळे उडी मारली की जमीन अपेक्षेपेक्षा आधी भेटायची. तालमीचे कोच आकाराम मास्तर कपाळाला हात लावून बसले.

"काढ ते," मास्तर म्हणाले. "कीपर हाईस का हेडमास्तर?"

धम्मानं चष्मा काढला. आणि तेव्हा कळलं, की जुनं जगही गेलं. एका दिवसात ते आधीपेक्षा जास्त पुसट झालं होतं. घालावा तर चक्कर, काढावा तर सगळी कालवाकालव. मग तो दोन्ही करू लागला: घरात आबांच्या धाकानं घालायचा, मैदानावर मास्तरांच्या धाकानं काढायचा. परिणाम असा, की दोन्हीकडे बोंब. बदली कीपर पृथ्वीराज आपले हातमोजे रोज धुऊन वाळत घालू लागला. मास्तरांनी शेवटी स्पष्टच सांगितलं, "बेस्तरवारपत्तोर ठरवून सांग. न्हाईतर फायनलला पृथ्वीराज हुबा ऱ्हाईल. मला पेठेत तोंड दाखवायचं हाय."

चार वर्षं ज्या एका दिवसाची वाट बघितली तो दिवस बाकावर बसून काढायचा? तो धावतच लक्ष्मीपुरीत गेला आणि चष्मा अनेकांतच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "हे परत घ्या. माझी नजर मला परत द्या."

अनेकांतनं त्याला पाणी दिलं आणि गोष्ट सुरू केली. यावेळी मात्र ती ऐकण्यासारखी होती.

"हे बघ भावा, डोळा नुस्ती खिडकी हाय. बघतंय ते टाळकं. तुझ्या खिडकीतनं जल्मभर पुसट चित्र आत येत हुतं. मग टाळक्यानं काय केलं? ते रोज पुसून, कडा वडून, तुला जरा बरं करून दाखवायचं. सवय लागली त्याला. आता मी खिडकी साफ केली. चित्र आधीच चांगलं हाय, पर टाळकं जुन्या सवयीनं त्याच्या आनखी कडा वडालंय. म्हणून टोचतंय तुला. त्याला कळू दे की आता कडा वडायची गरज न्हाई. मग गप्प बसतंय."

"आन् काढल्यावर जास्ती पुसट का दिसतंय?"

"कारण त्याला साफ बघायची गोडी लागाय लागली. तू एकदा हिकडं न्हेतोस, एकदा तिकडं. टाळकं बिचारं बिऱ्हाड कुठं थाटणार? एक काय ते धर. एकतर गटारीत टाक चष्मा, न्हाईतर झोपताना सोडून काढूच नको. पर येक ध्यानात ठेव. टाळकं लई हुशार. जुनं घर इसरत न्हाई. पुन्हा कवा गरज लागली तर थोड्या वेळात तिथंबी जाऊन बसतंय."

धम्मा विचार करत घरी आला. खरं तर चष्मा टाकून द्यायचं त्याच्या मनात पक्कं होत आलं होतं. पण दारात बाळासो उभे. त्यांनी पोराच्या नाकाकडे बघितलं, नाक रिकामं होतं. ओरडतील असं धम्माला वाटलं. ते ओरडले नाहीत. "घाल की रं," एवढंच म्हणाले, आणि ते इतक्या मऊ आवाजात म्हणाले, की धम्मानं घाबरूनच चष्मा चढवला.

यल्लव्वानं जुन्या चड्डीची लास्टिक काढून चष्म्याच्या दोन्ही काड्यांना शिवून दिली. चष्मा डोक्याला असा आवळला गेला, की कान लाल झाले. धम्मानं तो घालूनच जेवण केलं, घालूनच अंघोळ केली, घालूनच सराव केला. पेठेतल्या पोरांनी त्याला 'डॉक्टर' म्हणायला सुरुवात केली. झुंबरबाई भाजीवालीनं तर हात पुढं करून नाडी बघायला सांगितली. धम्मा हसून घ्यायचा. आणि हळूहळू, कधी ते त्यालाही कळलं नाही, फरशी सपाट झाली. पायऱ्या जागच्या जागी आल्या. कडा टोचायच्या थांबल्या. पोरांचे डोळे उजवीकडे गेले तरी खांदा कुठं जातो ते बघायचं, हेही त्याच्या लक्षात आलं. मुदतीच्या गुरुवारी त्यानं सरावात एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. मास्तरांनी पृथ्वीराजकडे बघून मान हलवली आणि पृथ्वीराजनं ओले हातमोजे दोरीवरून काढले.

फायनलला शाहू स्टेडियमवर मुंगी शिरायला जागा नव्हती. धम्मा मैदानावर आला आणि त्यानं पहिल्यांदा गॅलरी पाहिली. आईशप्पथ, ती सगळी माणसं होती. तोंडं, हात, टोप्या, कडेवरची पोरं, शेंगांची टोपली घेऊन पायऱ्या चढणारा माणूस, एकमेकांच्या झेंड्यांवरून भांडणारे म्हातारे. इतकी माणसं आपल्याला बघतात, हे कळून त्याला इतका आनंद झाला, की पाय जमिनीवर ठरेनात. त्यानं आडव्या खांबाला हात लावला आणि नेमाप्रमाणे वर बघितलं.

पिवळा ठिपका नव्हता.

झेंडा नाही, पताका नाही, काही नाही. वरच्या पायरीवर दिव्याचा खांब तेवढा. धम्माचा वर गेलेला हात तसाच खाली आला. शिट्टी वाजली. दगडी चौकाची पोरं चवताळून खेळत होती. धम्मानं दोन चेंडू बरे अडवले, पण मन खांबाकडे. तिसऱ्यांदा त्यानं वर बघितलं तेव्हा खांबाच्या डावीकडून एक कोपर आणि उजवीकडून दुसरं कोपर बाहेर आलेलं दिसलं. खांब बारीक आणि मागं लपलेला माणूस रुंद होता. वर एक पिवळं टोक डोकावत होतं. कुठल्याही सुजाण माणसाला त्या खांबामागं आपण लपलो असं वाटलं नसतं.

तेवढ्यात दगडी चौकाचा केरबा चेंडू घेऊन सुटला. केरबा म्हणजे डोळ्यांनी चकवण्यात जिल्ह्यात पहिला. आणि खांबामागच्या माणसाचा धीर सुटला. तो उडी मारून पुढं आला, डोक्याला बांधलेला पिवळा टॉवेल त्यानं सोडला आणि तो गरागरा फिरवत, गळ्याच्या शिरा ताणून, "पुढं ये, धम्मा, पुढं ये, अँगल कमी कर" असं ओरडू लागला. पायातली एक चप्पल चार पायऱ्या खाली जाऊन पडली होती. शेजारचे दोघे त्याला कमरेला धरून होते. हे त्यांचं रोजचंच काम असावं, कारण धरताना ते शेंगा खात होते.

तो टॉवेल धम्माच्या ओळखीचा होता. रोज घरच्या दोरीवर असायचा.

आबा. कधी न हसणारे, फुटबॉलला रोजगार बुडवणं म्हणणारे, ज्ञानूकडे पत्ते खेळायला गेलेले आबा. आणि ते 'अँगल' म्हणत होते.

धम्मा तोंड उघडं टाकून बघत राहिला. केरबानं चेंडू त्याच्या शेजारून हळूच जाळ्यात घातला, ते धम्माला जाळं हललं तेव्हा कळलं.

हाफटाइमला मास्तर त्याला खाऊ की गिळू असं करत आले. "काय बघत हुतास रं वर?"

"मास्तर, आमचं आबा आल्यात."

"ते कवा येत न्हाईत? पहिल्या मॅचपास्नं येत्यात. कुणाला सांगशीला तर टांग मोडतो म्हणल्यात. आता हे सोड. आनखी एक गोल खाल्लास तर पृथ्वीराज आत येईल."

पहिल्या मॅचपासून. धम्माच्या डोक्यात चार वर्षांचे सगळे पिवळे ठिपके एकदम फिरले. ते वारं नव्हतं. डोळे भरून आले आणि चष्म्यावर वाफ धरली, ती त्यानं जर्सीनं पुसली. आता गोल खायचा नाही. आबांच्या देखत तर नाहीच नाही.

दुसऱ्या हाफात चिंचबननं गोल फेडला आणि निम्मं स्टेडियम वेडं झालं. मग मॅच संपायला आली असताना केरबा आणि धम्मा एकाच चेंडूवर झेपावले. केरबाचा गुडघा धम्माच्या कपाळावर बसला, लास्टिक तुटली, चष्मा उडाला आणि कुणाचा तरी बूट त्यावर पडला. डाव्या काचेचा चुरा, उजवीला तडा, फ्रेमीची जिलेबी.

आणि जग पुन्हा विरघळलं. आता तर पूर्वीपेक्षा जास्त. पुढच्याच चेंडूला धम्मानं हवेत ठोसा मारला आणि चेंडू गोलच्या खांबाला आपटून बाहेर गेला. बाकावरून पृथ्वीराज उठून उड्या मारायला लागला. मास्तर रेषेवरून ओरडले, "दिसतंय का तुला? यिऊ दे त्याला?"

धम्माला अनेकांतचं बोलणं आठवलं. "जरा थांबा मास्तर. बसालंय ते जाग्यावर."

मास्तरांना काही कळलं नाही, पण धम्माच्या आवाजात असं काही होतं, की त्यांनी पृथ्वीराजला पुन्हा बाकावर बसवलं. धम्मा चेंडूकडे बघायचं सोडून डागांकडे बघू लागला. कोण कुठं कलतंय. कोण अंग चोरतंय. बुटाचा आवाज. जुन्या घराची कडी कुठं असते ते हाताला आठवावं, तसं एकेक आठवू लागलं. कडा आल्या नाहीत, पण डाग शहाण्यासारखे वागायला लागले. मॅच एक-एक अशी संपली आणि टायब्रेकर आला.

पाच-पाच किका, दोन्हीकडचे गोल होत गेले. शेवटची किक केरबाची. ही अडवली की चिंचबनचा कप, आत गेली की पुन्हा पहिल्यापासून. धम्मानं आडव्या खांबाला हात लावला आणि वर बघितलं. गॅलरी पुन्हा नुसता रंग झाली होती. पण दिव्याच्या खांबाच्या पुढं, आता कसलीही लाज न बाळगता, पिवळा ठिपका उभा होता. आणि धम्माला त्या ठिपक्यात सगळं दिसत होतं. फिरवायला उचललेला टॉवेल, ताणलेल्या शिरा, एका पायातली चप्पल, कमरेला धरलेले दोघे. डोळे दाखवत नव्हते ते त्याचं टाळकं दाखवत होतं, शिवणीसकट. त्यानं हात वर केला. ठिपकाही वर गेला.

केरबा आला. त्यानं डोळे कुठं फिरवले असतील ते असोत. धम्माला एक लाल-काळा डाग दिसला, जो शेवटच्या क्षणी डावीकडे किंचित कलला. धम्मा त्या बाजूला उडाला आणि चेंडू दोन्ही तळहातांवर येऊन असा बसला, जसा काही ओळखीनं आला होता.

पुढचं काही त्याला धड आठवत नाही. खांदे, गुलाल, ढोल, मास्तरांची रडकी मिशी. मिरवणूक चिंचबनला पोचेपर्यंत तो वर बघत होता, पण पिवळा ठिपका गेला होता. तो घरी पोचायच्या गडबडीत होता.

धम्मा घरी आला तेव्हा बाळासो भिंतीला टेकून, पाय पसरून, सकाळपासून इथंच बसल्यासारखे बसले होते. टॉवेल दोरीवर, पिळून टाकलेला. कानामागं गुलाल तेवढा धुवायचा राहिला होता.

"कुठं गेलता, आबा?" धम्मानं विचारलं.

"ज्ञानूकडं." आवाज पार बसला होता, नुसती हवा येत होती. "पत्ते."

"पत्त्यांनी घसा बसतोय व्हय?" यल्लव्वा चुलीपुढून म्हणाली आणि अक्षतानं पुन्हा उशी शोधली.

बाळासोंनी तिकडे लक्ष दिलं नाही. "उद्या मगदुमाकडं जाऊ," ते म्हणाले. "डावी काच तर गेलीच, उजवीबी बदलून घिऊ."

चष्मा धम्माच्या खिशात होता. तो त्यानं अजून बाहेर काढला नव्हता.

बाळासोंना आपण काय बोललो ते उशिरा कळलं. त्यांनी पायांची घडी घातली, पुन्हा सोडली. मग धम्माकडे न बघता, त्या हवेच्या आवाजात म्हणाले, "चार वरसं हात करत हुतास. मला वाटलं, तुला म्हाईत हाय. बाप बघतोय म्हणून हात करतंय पोरगं, आन् घरात येऊन माझ्यासारखंच गप्प ऱ्हातंय. बरं वाटायचं. त्या दिवशी पाटीवरचं दुसरं अक्षार तुला दिसंना, तवा कळलं. पोरानं आपल्याला येकदाबी बघितलं न्हाई."

धम्मा त्यांच्याजवळ जाऊन बसला, इतका जवळ, की चष्म्याशिवायही त्याला त्यांच्या कानामागचा गुलाल स्पष्ट दिसत होता. तो त्यानं अंगठ्यानं पुसला.

"तुमालाच हात करत हुतो, आबा," तो म्हणाला. "कोण हाय ते तेवढं म्हाईत न्हवतं."

बाळासो हसले. मोठ्यानं हसायचं होतं त्यांना, पण आवाजच उरला नव्हता.